गुरुबसप्पाने केलेली पाद्यपूजा

माझा डावा पाय आज माझ्याकडेच आहे, याचं सगळं श्रेय एका अशा माणसाला जातं ज्याच्याशी मी तेव्हा बोलत नव्हतो. देव माणसाची थट्टा करतो ती अशी. उपकार करायला माणूस पाठवतो, पण तो नेमका खालच्या मजल्यावरचा पाठवतो.

गुरुबसप्पा वीज मंडळातून निवृत्त झालेला. जन्मभर लोकांची मीटरं तपासली, चोरून टाकलेले आकडे पकडले. त्यामुळे जगात जे जे चाललंय ते कुठल्यातरी आकड्यावर चाललंय अशी त्याची पक्की समजूत. आमचं बोलणं तुटलं ते पाण्यावरून. सोलापुरात नळाला पाणी येतं तो दिवस सणाचा. त्या सणाच्या दिवशी मी नळाला थेट मोटर लावतो आणि खालच्यांच्या वाटणीचं पाणी ओढतो, असं त्याने सोसायटीच्या बैठकीत उभं राहून सांगितलं. मी मोटर लावत होतो हा भाग वेगळा. पण चारचौघांत सांगायची काही रीत असते की नाही?

मी स्वतः एसटीतला. बार्शी आगारात वाहतूक नियंत्रक होतो. माईकवरून गाड्या पुकारायच्या हे माझं काम. जी गाडी अजून कुर्डुवाडीतून सुटलेली नाही ती "येतेच आहे, प्रवाशांनी कृपया सहकार्य करावे" असं इतक्या विश्वासाने सांगायचं, की प्रवाशांना धूळ दिसायला लागायची. हे एवढ्याचसाठी सांगतो की पुढे जे घडलं त्यात माझ्या तोंडाचा वाटा किती आणि पायाचा किती, हे वाचणाऱ्याने आपलं आपण ठरवावं.

सुरुवात झाली कुरडयांपासून. मे महिना, सोलापूरचं ऊन, आणि आमची गच्ची. त्या गच्चीवर पापड वाळत नाहीत, भाजूनच निघतात. कावळा उतरला तर एका पायावर उभा राहतो आणि पाय बदलत बदलत चोच मारतो. माझ्या बायकोने, मुक्ताने, साडी अंथरून कुरडया घातल्या आणि मला राखणीला पाठवलं. मी गेलो. कुरडयांच्या कडेने येरझाऱ्या घालत होतो, तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या काशम्मा आल्या. पायात नवऱ्याचे मोजे, त्यावर स्वतःच्या चपला, तरी "अय्यो शिवा, अय्यो शिवा" करत टणाटणा उड्या मारत होत्या. मला बघून थबकल्या.

"जोतीरामभाऊ, तुमच्या पायात काय न्हाई की ओ!"

मी खाली बघितलं. खरंच पायात काही नव्हतं. घरातून निघताना चपला घातल्या होत्या, हे मला शपथेवर आठवत होतं. नंतर बघितलं तर एक जिन्यात पडलेली, दुसरी आमच्याच उंबऱ्यावर. पायातून कधी निघाल्या, कळलंच नव्हतं.

आता इथे शहाण्या माणसाने काय करावं? पाय उचलून पळावं. मी काय केलं? काशम्मा डोळे विस्फारून बघत होत्या, आणि माझ्यातला कंट्रोलर जागा झाला. मी म्हटलं, "काशम्मा, ऊन हे मनात असतं."

एवढंच म्हटलं. पण न आलेली गाडी जशी एकदा पुकारली की येतेच म्हणावं लागतं, तसं झालं.

संध्याकाळपर्यंत अख्ख्या बिल्डिंगला कळलं की जोतीराम कंट्रोलरला ऊन लागत नाही. दुसऱ्या दिवशी बायका आपापले पापड, सांडगे, चकल्या घेऊन आल्या आणि राखणीला माझ्यासमोर मांडून गेल्या. एकीने खात्री करायला गच्चीवर तांब्याभर पाणी ओतलं. ते चर्र करून उडून गेलं आणि मी मात्र त्याच जागेवर उभा राहून तिला बार्शीच्या डेपोतली गोष्ट सांगत होतो. तिने पदर डोक्यावर घेतला. वाळवणाच्या गच्चीची दर्शनाची गच्ची झाली ती तेव्हा.

लोकांना एकदा एखाद्याचं तेज दिसायला लागलं की ते मागचं पुढचं सगळं जुळवून घेतात. मी रात्रीत पाच-सहा वेळा उठत होतो. मोरीचा दिवा लागलेला काशम्मांना वरून दिसायचा. त्या म्हणाल्या, "भाऊ ब्रह्ममुहूर्ताच्या आदीच उठून साधनेला बसतात." साधना कसली, ते मोरीला ठाऊक. मोरीत काळ्या मुंग्यांची रांग लागायला लागली. मुक्ताने हळद टाकली, पावडर टाकली, त्या हटेनात. काशम्मा म्हणाल्या, "मुंगी गोड असंल तितंच येती. पुण्यावानाचं घर हाय." ह्या वाक्याचा पहिला अर्धा भाग शंभर टक्के खरा होता, पण आम्ही सगळ्यांनी दुसरा अर्धा उचलला.

मी दोनाच्या चार भाकरी खात होतो, वर शेंगाचटणीचा डोंगर, आणि तरी पँट कमरेवर राहत नव्हती. लोक म्हणाले, अन्न अंगाला चिकटू देत नाहीत, विरक्ती आहे. रस्त्यावरच्या दिव्यांभोवती मला रंगीत कडी दिसायला लागली. हे मी सहज बोलून गेलो तर दोघांनी तिथल्या तिथे नमस्कार केला. आणि तहान! चार दिवसांचं पिण्याचं पाणी मी दोन दिवसांत संपवत होतो. म्हणून तर मोटर लावावी लागत होती! गुरुबसप्पाने ही बाजू कधी ऐकूनच घेतली नाही.

एकटी मुक्ता ह्या सगळ्याला बधली नाही. बार्शीकडची बाई, सासरी येऊन चाळीस वर्षं झाली तरी जीभ माहेरचीच.

"आवं, जरा डाक्टरला दावून या. रोड झालाय, डोळं खोल गेल्यात. ह्यो काय चमत्कार न्हाई."

"मुक्ता, लोक पाया पडतात."

"पडू द्या. पाया पडणाऱ्यांस्नी म्हनावं, पडता पडता पायात चप्पल बी घाला."

शिवाय ती चिडलेली होती, कारण त्याच आठवड्यात तिच्या कानातली एक कुडी हरवली होती. मोत्याची, आईने दिलेली. तिने गाद्या झटकल्या, पिठाचे डबे चाळले, केरसुणी उलटी करून बघितली. मीही तिच्याबरोबर घरभर फिरून शोधत होतो, ह्या खोलीतून त्या खोलीत. हे लक्षात ठेवा. मीही फिरत होतो.

डॉक्टरकडे मी का गेलो नाही? खरं सांगायचं तर मानाचा प्रश्न होता. ज्याच्या पायाचं तीर्थ लोक घ्यायला बघतात, त्याने दवाखान्यात जाऊन बाटलीत लघवी द्यायची?

तर काशम्मांच्या मनात आलं की भाऊंनी निखाऱ्यावरून चालावं. त्यांच्या माहेरी वळसंगकडे जत्रेत लोक विस्तव तुडवतात. "ते लोक उपास करून, वल्लं नेसून पळत जातात. तुमी तर गप्पा मारत जाल की!" सोसायटीसमोरच्या मोकळ्या जागेत करायचं ठरलं. मी नको म्हणणार होतो. पण जमलेल्या मंडळींकडे बघितलं आणि तोंडातून निघालं, "बघू, आज्ञा झाली तर." आज्ञा कोणाची, हे कोणीच विचारलं नाही.

आता परवानगी. विस्तव पेटवायचा म्हणजे सरकार आलंच. आम्ही एका कार्यालयात गेलो, तर तिथला माणूस म्हणाला, "आम्ही आग विझवतो. लावायची परवानगी आमच्याकडे नाही." दुसरीकडे म्हणाले, आधी जागेवाल्यांचा ना-हरकत दाखला आणा. जागेवाले म्हणाले, आधी पोलिसांचा आणा. तिथे सांगितलं, आधी विझवणाऱ्यांचा आणा. असं आम्ही गोल फिरून जिथून निघालो तिथेच आलो, आणि त्या सगळ्या फिरण्यात मी अनवाणी होतो, कारण आता चप्पल घालणं म्हणजे भक्तांचा विश्वासघात होता. शेवटी एका कारकुनाला दया आली. त्याने छापील यादी वरून खाली वाचली. मंडप होता, मिरवणूक होती, लाऊडस्पीकर होता. माणसाने निखाऱ्यावरून चालणे हा प्रकार यादीत नव्हता. मग त्याने डोकं खाजवून आम्हाला परवानगी दिली ती "तात्पुरता खाद्यपदार्थ स्टॉल, कोळशाची भट्टी" ह्या नावाने. म्हणजे सरकारदरबारी माझी नोंद कणीस म्हणून झाली.

तेवढ्यात गुरुबसप्पाने हरकत घेतली. माझ्याशी बोलणं नव्हतं म्हणून तो मी समोर असताना काशम्मांना म्हणाला, "त्यास्नी सांगा, आकडा टाकल्याबिगर मीटर थांबत न्हाई. तळव्याला काय तरी लावलंय. कोरफड असंल, मेण असंल. आदी पाय धुवायचे. साबणानं. आन् मी धुणार."

मी काशम्मांना म्हटलं, "त्यांना सांगा, खुशाल धुवा."

काशम्मांना हरकतीत हरकत दिसलीच नाही. त्या हात जोडून म्हणाल्या, "म्हंजे पाद्यपूजाच की ओ!"

ठरलेल्या संध्याकाळी मोकळ्या जागेत कोळशाचा लांब पट्टा लालभडक धगधगत होता. भोवती गर्दी. मला चौरंगावर बसवलं, पुढे पितळी घमेलं. बायकांनी फुलं आणली होती. गुरुबसप्पाने मात्र बॅटरी, वाचायचा चष्मा, घासणी आणि कपड्याच्या साबणाची वडी आणली होती. शर्टाच्या खिशात विजेचा टेस्टर होताच. तो टेस्टर माझ्या अंगठ्याला लावून बघतो की काय, अशी मला धास्ती वाटली.

तो उकिडवा बसला आणि उजवा पाय असा घासला की दुसऱ्या कुणी बोंब मारली असती. मी आशीर्वादाचा हात वर करून मंद हसत होतो. गर्दीत कुजबुज झाली. गुरुबसप्पाने तळवा उजेडात धरला, वास घेतला, निराश झाला. मग डावा घेतला. एकदा घासणी फिरवली. थांबला. चष्मा वर सारला, खाली ओढला. बॅटरी जवळ नेली.

"नोड्री इल्ली," इथे बघा, असं तो कन्नडमधून स्वतःशीच म्हणाला. मग मान वर करून थेट माझ्याकडे बघितलं. मोटरीच्या प्रकरणानंतर पहिल्यांदाच. "कंट्रोलर, दुखत न्हाई?"

"काय?"

त्याने दोन बोटांनी करंगळीच्या बुंध्याखालून काहीतरी उपसलं. मला काही कळलं नाही. म्हणजे बोटं लागली हेच कळलं नाही. बॅटरीच्या उजेडात त्याच्या चिमटीत काहीतरी चमकलं. सोनं, आणि सोन्याच्या टोकाला मोती.

"सोनं निघालं!" काशम्मा ओरडल्या. "पायातनं सोनं निघालं, अय्यो शिवा!"

मग जो गजर झाला त्याचं वर्णन करायला मी लाजतो. लाजतो, पण तेव्हा लाजलो नाही. कुणीतरी फुलं फेकली. पाच-सहा जण घमेल्यातलं तीर्थ घ्यायला पुढे सरसावले. माझ्या पायातून सोनं निघालं हे ऐकून मला स्वतःलाच इतका आनंद झाला, की आता निखारे काय, उजनीचं धरणही चालत ओलांडू असं वाटलं. मी चौरंगावरून उठलो. लालभडक पट्टा समोरच होता.

"ती माजी कुडी हाय!" मागून मुक्ताचा आवाज आला. माणसं बाजूला सारत ती आली आणि गुरुबसप्पाच्या हातातली कुडी हिसकावून घेतली. "घरभर हुडकली म्या! पिठात हात घालून हुडकली! आन् ह्ये पायात घालून माज्याच मागं हिंडत हुते?" माणसं हसायला लागली. मुक्ताने बोलता बोलता वाकून माझा डावा पाय उचलून बघितला, आणि तिचा राग तिथल्या तिथे विझला. करंगळीच्या बुंध्याशी काळपट भोक होतं, भोवताली जांभळी सूज, आणि आतून जे येत होतं ते सोनं नव्हतं.

पण गर्दीला तळवा दिसत नव्हता, पट्टा दिसत होता. "चला भाऊ! चला!" ओरडा सुरू झाला. आणि मला पुन्हा सांगायला संकोच वाटतो, पण मी पाऊल उचललं. कुणी पाठीवर थाप मारत होतं, कुणी गजर करत होतं, आणि लोकांना "येतेच आहे" म्हणून सांगितल्यावर गाडी न आणण्याची मला सवय नव्हती.

गुरुबसप्पा माझ्यापुढे उभा राहिला. बुटका माणूस, पण वाट अडवली. "एक पाऊल टाकायचं न्हाई."

"बाजूला व्हा, गुरुबसप्पा."

"माज्या थोरल्या भावाचा, अण्णाचा पाय असाच गेला. खिळा रुतला, त्यास्नी कळलंच न्हाई. पयलं बोट कापलं, मग घोटा, मग गुडघ्यातनं." त्याने माझ्या डाव्या पायाकडे बोट दाखवलं. "ते बी हसतच हुते. तुमच्यागत."

एवढं बोलून त्याने वाकून घमेलं उचललं आणि माझ्या पायांचं तीर्थ, साबणाच्या फेसासकट, निखाऱ्यांवर ओतलं. असा धूर झाला की पुढच्या रांगेतल्या भक्तांना माझ्याऐवजी खोकल्याचं दर्शन झालं. पट्ट्याच्या मधोमध काळं भगदाड पडलं. कुणी शिव्या घातल्या, कुणी त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, "मीटर तोडायला आलोय. नंतर तक्रार करा." आणि माझ्या बगलेत हात घालून मला त्याच्या जुन्या स्कूटरवर बसवलं. मागे मुक्ता बसली, एका हातात कुडी, दुसऱ्या हाताने माझा सदरा घट्ट धरून. मुक्ताने मला असं धरलेलं मला आठवत नव्हतं. लग्नात धरलं असेल, पण तेव्हा सक्ती होती.

दवाखान्यात डॉक्टर रुद्राणी होत्या, वयाने आमच्या मुलीएवढ्या. त्यांनी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब घेतला. साखर चारशेच्या वर. मग एका लांब नायलॉनच्या दोऱ्याचं टोक माझ्या तळव्याला जागोजागी टेकवलं आणि डोळे मिटून, कळेल तेव्हा सांगा म्हणाल्या. मी वाट बघत राहिलो. बऱ्याच वेळाने म्हटलं, "सुरू करा की." त्या म्हणाल्या, "काका, झालं सुद्धा."

तेव्हा पहिल्यांदा मला भीती वाटली.

त्यांनी समजावून सांगितलं. किती दिवसांची असेल कोण जाणे, पण रक्तातल्या साखरेने पायांच्या नसा मारल्या होत्या. म्हणून चप्पल निघाली तरी कळत नव्हतं, आणि गच्ची तळवे भाजत होती, ते फक्त माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. फोड आले होते तेही मी बघितले नव्हते. तहान, वारंवार लघवी, भूक असून वजन उतरणं, अंधुक नजर, ह्या सगळ्याला मिळून एकच नाव होतं. जखम आणखी थोडे दिवस तशीच राहिली असती किंवा निखाऱ्यावर पडली असती, तर पाय वाचवता आला नसता. आता डोळ्यांचा पडदा तपासायचा, मूत्रपिंडं तपासायची, आणि काही दिवस इथेच राहायचं.

गुरुबसप्पा दारात उभा राहून ऐकत होता. "म्हंजे लाईन जळालीय, आन् आत बिल वाढत चाललंय," तो म्हणाला.

"अगदी बरोबर, काका," डॉक्टर म्हणाल्या.

त्याने माझ्याकडे बघितलं. जन्मात पहिल्यांदाच त्याला चोरी पकडून आनंद झाला नव्हता.

पाय वाचला. करंगळीचं टोक गेलं, तेवढं माझं कणीस भाजून झालं असं म्हणू. जखम भरायला पावसाळा संपला. आता घरात इन्शुलिनची पेनं आहेत, ज्वारीची भाकरी मोजून मिळते, शेंगाचटणी चिमूटभर. पायात मऊ, पट्ट्यांची पादत्राणं आहेत, जी मी मोरीतसुद्धा काढत नाही. मुंग्या गेल्या. पाणी कमी लागतं, त्यामुळे मोटर काढून टाकली. काढल्याचं गुरुबसप्पाला सांगितलं नाही. त्याला नळावरून कळलंच असेल.

डॉक्टरांनी सांगितलं होतं की रोज दोन्ही तळवे कुणीतरी नीट बघायचे. मला वाकता येत नाही आणि नजर अजून पुरती आलेली नाही. मुक्ताचे गुडघे बसू देत नाहीत. मग एका संध्याकाळी दारावर टकटक झाली. गुरुबसप्पा, बॅटरी आणि चष्मा घेऊन. सरळ माझ्या पायाशी खाली बसला. तेव्हापासून तो रोज येतो. मुक्ता चहा करते, त्याला साखरेचा, मला बिनसाखरेचा, आणि तो माझ्यादेखत चमचा खळखळ वाजवून ढवळतो. जुना राग असा थोडा थोडा फेडावा लागतो.

कॉलनीत मात्र समजूत वेगळी आहे. जिन्यातून येता-जाता आमच्या उघड्या दारातून लोकांना रोज दिसतं की गुरुबसप्पासारखा संशयी माणूस जोतीरामाच्या पायाशी बसलाय, पाऊल मांडीवर घेऊन. काशम्मा सगळ्यांना सांगतात, "सोनं बगितल्यापास्नं त्यो पालटला. पयला शिष्य त्योच." मी खुलासा करत नाही. गुरुबसप्पाला ऐकू जातं, त्याचे कान लाल होतात, पण तो उठत नाही. अण्णांच्या पायाशी कुणी बसलं नव्हतं, असं तो एकदाच म्हणाला होता.

बोटांच्या मधली जागा तो निरखून बघतो, टाचेवरून अंगठा फिरवतो.

"कळतंय का?"

मी आयुष्यभर न सुटलेल्या गाड्या "येतेच आहे" म्हणून पुकारल्या. पण ह्या प्रश्नाला मी कधीही खोटं सांगितलेलं नाही.

"न्हाई," मी म्हणतो.

"हितं?"

"हितं बी न्हाई."

"आन् हितं?"

"थोडं. वाटतंय बहुतेक."

"बहुतेक न्हाई चालत, कंट्रोलर. व्हय का न्हाई?"

मी डोळे मिटतो. खूप लांबून, कुर्डुवाडीच्याही पलीकडून कुणी तरी हात लावल्यासारखं वाटतं.

"व्हय," मी म्हणतो.

तो मान डोलावतो, पादत्राणाचा पट्टा घट्ट करतो आणि गार झालेला चहा एका घोटात पितो.